उजवा कौल

माफ करा, मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तात्या गुरवांसारख्या माणसाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही. पण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना ते ठाऊक व्हावेत असं वाटतं, म्हणून धीर करतो.

बावड्याजवळ आमच्या वस्तीवर भैरोबाचं देऊळ आहे. तात्या रोज देवाला अंघोळ घालत, शेंदूर लावत, नैवेद्य दाखवत. हात मात्र जोडत नसत. कुणी टोकलं तर म्हणत, "माजं न् त्याचं बोलणं बंद हाय. काम चालू हाय."

कारण साऱ्या वस्तीला माहीत होतं. त्यांची लेक सुमन तापानं आजारी पडली, तेव्हा दवाखान्यात न्यावं का, असा त्यांनी कौल लावला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. तात्या अंगारा लावून थांबले. सुमन गेली.

"त्यो चुकला, का मी नगं ते इचारलं, येवढं कळू दे," ते म्हणत. "मग जोडतो हात."

तरी लोक कौलाला येतच. एकदा शेजारच्या पारूआजी तापलेल्या नातवाला घेऊन आल्या. तात्यांनी डावी पाकळी पाण्यात बुडवून चिकटवली, उजवीला नुसतं ओलं बोट लावलं. ती लगेच पडली.

"उजवा दिलाय. इंदापूरला दवाखान्यात न्या."

"अंगारा तरी द्या की, तात्या."

"देतो. पन गाडीत बसल्यावर लावा."

त्या गेल्यावर मी भीत भीत म्हटलं, "तात्या, ही देवाची फसवणूक न्हाय का?"

"फसवणूक पाठीमागं करत्यात. मी त्याच्या डोळ्यांदेखत करतोय. न्हाय पटलं तर पाडावी त्यानं डावी. अजून तरी पाडली न्हाय." मग मूर्तीकडं न बघता पुटपुटले, "तवा मातुर पाडली."

बारामतीला कॉलेजसाठी निघालो तेव्हा पाया पडलो. म्हणाले, "लई पुस्तकं आस्त्याल तितं. त्यो चुकला का मी, ह्याचं कुठं काय लिवल्यालं घावलं तर सांग मला." मी शोधलं. देव आहे म्हणणारी पुस्तकं मिळाली, नाही म्हणणारीही मिळाली. तात्यांना नेऊन द्यावं असं काही मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. तात्या सकाळी पूजेला गेले ते घरी आलेच नाहीत. लोक बघायला गेले, तर मूर्तीसमोर भिंतीला टेकून बसले होते. जीव गेला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या होत्या. दोन्ही सारख्याच ओल्या, एकही पडलेली नव्हती.

"सुमन गेल्यापास्नं सोतासाठी कवा कौल लावला न्हवता त्यांनी," आई म्हणाली. "काय इचारलं आसंल रं?"

मला एकच विचारावंसं वाटलं. "हात जोडलेले होते का, आई?"



"मांडीवर हुतं," ती म्हणाली. "जवळ जवळ हुतं."