सय्यद सरांची फाइल

वहीतली पहिली नोंद ११ फेब्रुवारीची: सकाळी गारवा, दुपारी ऊन बोचायला लागलेलं. रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे, त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसातले किस्से आपोआप साठतात. यंदाचे सगळे एकाच फाइलीचे निघाले.

फाइल गणिताच्या सय्यद सरांची. प्रमोशन दोनदा हुकलेलं, रिटायरमेंट जवळ आलेली. या वेळी अट अशी, की सर चांगलं शिकवतात याचा पुरावा बाहेरच्या माणसांनी द्यायचा! पुरावे गोळा करायचं काम माझं.

पहिला फोन रेणापूरला, सरांच्या वर्गातल्या अश्विनीच्या वडिलांना. "लई ताप झालाय बघा त्या सरांचा! काही सांगितलं की पोरगी म्हनते, कशावरून?"

"मग तक्रार लिहू का?"

"तक्रार कशाला? चांगलं चाललंय की!"

*

हदगावच्या एका माजी विद्यार्थ्याने दोनच ओळी पाठवल्या. "सरांनी मला नापास केलं होतं. उत्तर बरोबर होतं, पण शेजारच्याचं होतं."

सर म्हणाले, "लावा फाइलीला."

*

शेजारच्या टेबलावरचे देशमुख सर स्वतःच्या व्याख्यानांचा अल्बम घेऊन आले. "सय्यदभाई, पुरावा असा असतो!"

सरांनी पानं उलटली. "सगळ्या फोटोंत तुम्हीच. पोरं कुठं हायत?"

"पोरं फोटो काढून राहिली होती ना!"

*

शेवटी तास बघायला नांदेडहून एक प्राध्यापक आले. त्यांच्या मतावर सगळं अडलेलं.

सय्यद सरांची जुनी रीत अशी, की गणित सोडवताना एक पायरी मुद्दाम चुकवायची आणि पोरांनी पकडल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या दिवशीही चुकवली. वर्ग गप्प. एरवी याच वर्गाचा गलका माझ्या टेबलापर्यंत येतो!

सर खाकरले. "काही चुकलंय का?"

"न्हाई सर! एकदम बरोबर!" सगळे एका सुरात.

सर खडू धरून तसेच उभे राहिले. बेल झाली.

पाहुणे ऑफिसात आले. मी चहा दिला. "माणूस भला आहे हो," ते म्हणाले, "पण गणित कच्चं."

दारात अश्विनी उभी होती. "सर, चूक आम्हाला दिसली होती. आमचे सर रोज मुद्दामच करतात."

"मग बोलला का नाहीत?"

"परक्या माणसापुढं आमच्या सरांची इज्जत काढायची व्हय?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि ते सरळ वर्गात गेले. मीही मागोमाग. त्यांनी फळा पुसला, स्वतः एक गणित घातलं आणि सोडवायला लागले. तिसरी ओळ लिहून हात खाली येतोय तोच अख्खा वर्ग ओरडला, "सर, चुकलं!"

चूक मुद्दाम केली की खरंच झाली, ते त्यांनी सांगितलं नाही. मला म्हणाले, "एक कोरा कागद द्या."

२६ मार्चला आदेश आला. सय्यद सर प्राध्यापक झाले.