गयाबाईंची ओवी

आई गेल्यानंतर मी रोज देवापुढे दिवा लावत होते, पण देवीशी बोलणं थांबलं होतं. कर्णपुऱ्याच्या देवीची ती तसबीर आईनेच आमच्या मुकुंदवाडीच्या घरात आणली. शेजारणीशी बोलावं तशी ती तिच्याशी बोलायची, भाजी महागल्याचंही सांगायची. मला देवीला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच ओठांवर येत नव्हती. शेवटच्या घटकेला माझ्या आईजवळ कुणी होतं का?

मी नर्स आहे. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेक पेशंट समजावून देते, त्याला आम्ही ‘ओव्हर’ म्हणतो. पलंगाशी उभं राहून नाव, आजार, झोप लागली का, कोणतं औषध राहिलं, सगळं सांगायचं आणि मग निघायचं. आई दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होती. माझी रजा संपली होती, आमच्या वॉर्डात आधीच सिस्टर कमी. दुपारी ड्यूटी सुटली की मी तिच्याकडे धावणार होते. ती गेली ती नेमकी त्या दुपारच्या ओव्हरच्या वेळी. मी तेव्हा माझ्या वॉर्डात दुसऱ्यांच्या आया पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देत होते. तिथे पोहोचले तेव्हा जाणारी सिस्टर म्हणाली, मी पाहिलं तोवर बऱ्या होत्या. येणारी म्हणाली, मी पलंगापाशी आले तेव्हा संपलं होतं. त्यांचा दोष नव्हता. ती वेळ कशी असते, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच त्या दोघींच्या मधली रिकामी जागा मला छळत राहिली. वॉर्डात कुणा म्हातारीच्या केसांना तेल लावताना बोटं आपोआप हळू व्हायची. आईचे केस असेच विरळ झाले होते. मग वाटायचं, एकदाच, फक्त एकदा त्या वेळी तिचा हात हातात घ्यायला मिळाला असता.

अशात अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून गयाबाई आल्या. जन्म मेंढरांमागे गेलेला, आता दम लागून ऑक्सिजनवर. कानाने कमी ऐकू यायचं, बोलणं मात्र खणखणीत. सूनबाई, सुमन, उशाशी असायची. रोज ओव्हर सुरू झाला की गयाबाई नळी सावरत उठून बसायच्या आणि हात जोडायच्या. मला वाटलं, आम्हाला नमस्कार करतात.

एक दिवस वॉर्ड इतका भरला की जमिनीवर गाद्या टाकाव्या लागल्या. दुपारी शबाना सिस्टर आली तेव्हा माझे पाय भरून आले होते. पलंगापलंगाशी न जाता आम्ही टेबलाशीच ओव्हर उरकला. मी पर्स घेऊन निघाले तर मागून हाक आली.

“ओ शिष्टरबाई, आज माजी ओवी ऱ्हायली की!”

“कसली ओवी, आजी?”

सुमन तोंडाला पदर लावून हसायला लागली. “अवो, तुमी ‘चला, ओव्हर घेऊ’ म्हणता ना, त्यांना ओवी ऐकू येती. आत्याबाई, ओवी नाय ती! ओव्हर! डूटी बदलत्यात त्या.”

“तू गप. तुला टीव्हीबिगर काय कळतं?” गयाबाई तिच्यावर डाफरल्या आणि माझ्याकडे वळल्या. “एक जन नाव घेती, दुखनं सांगती, अन् दुसरीच्या हवाली करती. देवापुढं आनिक काय म्हनायचं आसतं? माजं नाव नाय घेतलं आज.”

मी दमले होते. उद्या घेऊ, असं म्हणणार होते. पण शबानाच म्हणाली, “चलो सिस्टर, दो मिनट में क्या जाता?” आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. मी म्हटलं, गयाबाई. रात्री झोप बरी. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. दम कमी आहे. उशी उंच लागते. गयाबाई डोळे मिटून, हात जोडून ऐकत होत्या. मी थांबले, आणि शबाना फाईलमध्ये पाहू लागली.

मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “तुजं सांगून झालं, तिनं आजून धरलं नाय. ह्या मधल्या येळंला मला लई गार वाटतं बग. कुनीतरी कपाळावर हात ठिवल्यावानी.”

आईबद्दल मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. शबानालाही ती दुपार नीट माहीत नव्हती. गयाबाई पुढे लगेच चहाचं विचारू लागल्या, साखर घालून हवा म्हणून सुमनशी भांडल्या. मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेऊन पुष्कळ रडले. ‘मधली येळ’ हे शब्द त्यांच्या तोंडी कुठून आले, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. इतके महिने जी जागा मी रिकामी समजत होते, तिथे कुणी असू शकतं, एवढंच मनात येत राहिलं.

गयाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. मी आता कितीही घाई असली तरी टेबलाशी ओव्हर देत नाही. आईची आठवण कमी झालेली नाही, चहा गाळताना अजूनही हात दोन कपांकडे जातो. पण गयाबाई ते बोलल्या त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावल्यावर मी तसबिरीसमोर, वॉर्डात उभी राहते तशीच, सरळ उभी राहिले. आईचं नाव घेऊन म्हटलं, कौसल्याबाई. संध्याकाळी पाय दुखतात, चोळावे लागतात. गोड वर्ज्य आहे, तरी मागतील. डाव्या कुशीवर झोप लागते. एकटं राहायला घाबरतात.

एवढं सांगून मी थांबले. मग आई गेली त्या दुपारी जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं. माझी ड्यूटी संपली, देवीआई. आता ती तुझ्या हवाली.

माझं कपाळ कितीतरी वेळ गार वाटत होतं.