इस्त्रीवाल्याचा पहिला अल्बम

लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करता करता माणूस काय गाईल? फार तर सिनेमातलं काहीतरी. हा गडी मात्र जॅझ गायचा. खिडकीतल्या जुन्या रेडिओवर दुपारी तेवढं एकच केंद्र नीट लागायचं, त्याला तो बिचारा काय करणार! विशीत डोक्यात शिरलेलं ते खूळ साठी जवळ आली तरी उतरलं नव्हतं.

पुढे काउंटरवर बायको, मधे एक पडदा. इतक्या वर्षांत तिने एकदाही ‘छान गायलात’ म्हटलं नव्हतं. तिचं आपलं, “अहो, बाह्यांच्या घड्या नीट पाडा.” हिच्या कानावरून आपलं गाणं नुसतं जातं, अशी त्याची खात्रीच झाली होती. त्यामुळे शर्ट न्यायला येणारा लंबू पियानोवाला “काका, अल्बम काढू या,” म्हणाला आणि हा हुरळून गेला. जगाने ऐको न ऐको, बायकोने एकदा स्वस्थ बसून ऐकावं, एवढीच त्याची हौस होती.

स्टुडिओत मात्र त्याची पार भंबेरी उडाली. कानांवर हेडफोन, समोर माइक, आणि हे दोन हात ठेवायचे कुठे? ताल चुकत नव्हता. उलट एकेक शब्द तो तालावर नेमका आणून ठेवत होता, आणि तीच तर पंचाईत होती. पाढे म्हणावेत तसं गाणं चाललं होतं. लंबू धीर देत होता, रेकॉर्डिंग करणारी पोरगी जांभया दाबत होती. उद्या लंबू परदेशी जाणार, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. जेवणाची वेळ झाली तरी एक गाणं धड होईना. गड्याला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. काचेपलीकडे उभं राहून तिने दोन ओळी ऐकल्या आणि कपाळाला हात लावला.

“हे कोण गातंय?”

“काकाच की,” पोरगी म्हणाली.

“छे! हे असे धावत नाही गात. जरा मागे रेंगाळतात. इस्त्री कॉलरवरून फिरते, वाफ सुटते, मग यांचा शब्द येतो. मोकळ्या हातांनी कसलं गातायत!”

ती तडक दुकानात गेली आणि इस्त्री, फळी अन् गिऱ्हाइकांच्या शर्टांचा गठ्ठा रिक्षात घालून परतली. वाफेचा आवाज रेकॉर्ड होईल म्हणून पोरगी कुरकुरली.

“होऊ दे की!” लंबू म्हणाला.

पहिली कॉलर सपाट झाली आणि गड्याचा गळा मोकळा झाला. मग काय विचारता! लंबू पियानोपुढे बसल्या बसल्या नाचू लागला. संध्याकाळपर्यंत सगळी गाणी झाली आणि शर्टांचाही फडशा पडला.

घाम पुसत तो बाहेर आला. “म्हणजे तू ऐकत होतीस?”

“मग? रोजच.”

“कधी बोलली नाहीस ती!”

“बोलले असते, तर तुम्ही मला ऐकवायला म्हणून गायला लागला असता. मग मघाशी झालं तसंच झालं असतं. माझं गाणं मी कशाला घालवू?”

त्याला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. पोरीने पहिलं गाणं लावलं. बायको खुर्ची ओढून बसली, ती शेवटचा सूर विरेपर्यंत उठली नाही.