घरगाडीची थडथड

ग्रीसचा वास आला की मी अजूनही ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या उतारावर, चाकांवरच्या पलंगावर बसलेली असते.

संस्थान विलीन झालं तेव्हा महाराजांची शिकारीची घरगाडी, आत पलंग नि चूल असलेली, ग्वाल्हेर नि इंदूर मिळून झालेल्या नव्या सरकारकडे गेली. तिच्यासोबत तिचे ड्रायव्हर, म्हणजे आमचे बाबाही. वेग घेतला की ती थडथडायची. इंदूरहून आलेले साहेब म्हणाले, "इंजिन बदला. ग्वाल्हेरचं आहे ना!"

बाबांना ते फार झोंबलं. त्यांनी साहेबांना शेजारी, आईला नि मला मागे बसवलं आणि उतारावर इंजिन बंद केलं. गाडी घरंगळतानाही पलंग थडथडतच होता. "बघा, इंजिन निर्दोष आहे!" खाली पोचताच बाबा गाडीखाली शिरले. मागची चाकं फिरवणारा दांडा दोन तुकड्यांचा होता, आणि जोडताना जुळवायच्या त्या तुकड्यांवरच्या खुणा समोरासमोर नव्हत्या; थडथड त्याचीच होती.

"कोण्या गाढवानं जोडलाय हा?" ते खालूनच ओरडले.

आई खिडकीतून म्हणाली, "अहो, दिवाळीत ग्रीस लावायला तुम्हीच खोलला होता ना?"

तेव्हा मला आईचा भयंकर राग आला. आता वाटतं, इतकं सरळ उत्तर त्या वर्षी कुठल्याच कचेरीत मिळालं नसेल.

बाबा बाहेर आले, काळ्या हातांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "गाढवही ग्वाल्हेरचंच आहे, साहेब. पण इंजिन बदलायचं नाही."