व्हरांड्यातले अपूर्णांक

म्हैसूरमधल्या चामराजपुरमच्या वेदवती घाटगेनं अडतिसाव्या वर्षी मेडिकल असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश घेतला. नवऱ्यानं, वेंकोजीरावानं, जेवता जेवता एवढंच विचारलं, "नापास झालीस तर वर्गातल्या पोरांना तोंड कसं दाखवशील?" त्यानं तसं म्हटलं नसतं तर तिनं कदाचित महिन्याभरात कोर्स सोडूनही दिला असता.

ती आधी एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसायची. जुने डॉक्टर गेले, त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरनं कोर्स केलेली मुलगी ठेवली. तो अपमान घेऊन वेदवती कॉलेजात आली होती. रक्तदाब मोजणं, ड्रेसिंग, पेशंटशी बोलणं यात ती विशीतल्या पोरींच्या पुढे होती. अडलं ते पायाभूत गणितात.

गणित शिकवायला सरोजिनी दाबके होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी संभाजीनगरहून म्हैसूरला आलेल्या, राहायला गोकुलममध्ये. सगळ्या कॉलेजला वाटलं, दोघी मराठी, आता यांची गट्टी जमणार. पहिल्याच तासाला वेदवती उठून म्हणाली, "मॅडम, मी शाळेपासून लेक्कामध्ये कच्ची होती. स्वल्प हळू शिकवा."

"लेक्का नाही, गणित," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि कच्ची होती नाही, कच्ची होते. बस खाली. तुझं मराठीही कच्चंच दिसतंय."

वेदवतीला सगळ्यात जास्त झोंबलं ते 'तू'. बारावी होऊन आलेल्या पोरांना ही बाई कन्नडमध्ये अहोजाहो करत होती, आणि आपल्याला, एका कॉलेजातल्या मुलीच्या आईला, अरेतुरे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं उट्टं काढलं. सरोजिनीबाईंनी प्रत्येकाला कागदाचा गोल कापायला लावला होता. पाव भाग वर धरून दाखवा, असं त्यांना सांगायचं होतं. कन्नडमध्ये पाव म्हणजे कालु, आणि पाय म्हणजेही कालुच. "यल्लारू कालु तोरसी," त्या म्हणाल्या. वेदवतीनं चपलेसकट पाय बाकाबाहेर काढून उंच धरला. वर्ग फुटला. हसू दारापर्यंत जाऊन परत आलं, तरी थांबेना.

सरोजिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वेदवतीला फळ्यापाशी बोलावलं आणि पाऊण अधिक अर्धा करायला लावलं. तिनं वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि लिहिलं, चार षष्ठांश.

"म्हणजे पाऊण पोळीत अर्धी पोळी घातली की पोळी कमी होते?" त्या मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्या हातात सुई देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत."

बाकी कुणाला काही कळलं नाही. तेच वेदवतीला लागलं. मराठी तिच्या घरात देवाशी आणि आईशी बोलायची भाषा होती. त्या भाषेत, फक्त तिलाच कळावं म्हणून, कुणीतरी तिच्या तोंडावर थुंकलं होतं.

तास संपल्यावर पोरं जमली. काय म्हणाली ग अक्का ती? वेदवतीनं क्षणभर विचार केला आणि कन्नडमध्ये सांगितलं, "म्हणाली, तुम्ही सगळी माकडं आहात."

पुढचं आपोआप झालं. वर्ग उठून प्रिन्सिपल बिंदुमाधवांच्या खोलीत गेला. सरोजिनीबाई सांगत राहिल्या की आपण असं म्हटलं नाही. मग काय म्हटलं, असं विचारल्यावर मात्र त्या अडखळल्या, कारण जे म्हटलं होतं तेही सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारपासून त्या आल्या नाहीत.

त्यांच्या जागी एक हसरा तरुण आला. परीक्षेत येणारी गणितं तो आधीच फळ्यावर सोडवून द्यायचा. वेदवतीनं ती पाठ केली आणि तिला चांगले मार्क पडले. वेंकोजीरावाला तिनं मार्कलिस्ट ताटाशेजारी ठेवून दाखवली.

मग तिला ट्रेनिंगसाठी वरुणा गावाजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर सौम्या एकट्याच तिथं दिवसाला शंभरेक पेशंट बघायच्या. तापानं फणफणलेलं एक लेकरू घेऊन एक बाई आली. डॉक्टरांनी सव्वाशे मिलिग्रॅम लिहून दिलं. वेदवतीनं कपाटातून तापाचं सिरप काढलं आणि बाईला सांगितलं, "पाच मिली. या टोपणात या रेघेपर्यंत."

डॉक्टर पुढच्या पेशंटला तपासत होत्या. त्यांनी मान वळवली. "बाटली दाखव. ही जास्त पॉवरची आहे, पाच मिलीत अडीचशे. मी सव्वाशे लिहिलंय. मग किती द्यायचं?"

वेदवतीच्या डोळ्यांपुढे फळा आला, पण फळ्यावर हे गणित नव्हतं. "दहा?" ती म्हणाली.

लेकराच्या आईनं पोराला उचलून छातीशी धरलं आणि ती दोन पावलं मागं सरली.

"अडीच," डॉक्टर म्हणाल्या. "तू आधी दुप्पट सांगितलंस, आता चौपट. तुला पास कुणी केलं? उद्यापासून औषधाच्या कपाटाला हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी वेदवती घरी न जाता गोकुलमला गेली. दार सरोजिनीबाईंनीच उघडलं.

"मी त्यांना माकड म्हटलं नव्हतं," त्या लगेच म्हणाल्या. जणू इतके दिवस हेच वाक्य तोंडात धरून बसल्या होत्या. "तुला म्हटलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"मग काय हवंय?"

वेदवतीनं दवाखान्यात झालेलं सांगितलं. काही लपवलं नाही, 'दहा'ही सांगितलं.

"आधी कॉलेजात जाऊन खरं सांग," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"सांगते. पण तुम्ही मला काय म्हटलात, तेही सांगेन."

सरोजिनीबाईंनी व्हरांड्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "शनिवारी ये. तुझ्यासाठी शिकवत नाही मी. तुझ्यासमोर लोकांची पोरं येणार आहेत म्हणून."

शनिवार सुरू झाले. घरात ये, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. चहा तर सोडाच, पाणीही विचारलं नाही; वेदवती बाटली घेऊन जायची. सरोजिनीबाईंनी तिला पूर्णांकापासून धरलं. चुकलं की कागद फाडायच्या. एकदा त्यांनी कोकमचा अर्क दोन भांड्यांत कालवला, एक दाट, एक पातळ. "तेवढीच चव यायला दाट किती लागेल? कमी. एवढं कळायला आकडे नाही लागत, डोकं लागतं."

"डोकं नसतं तर इथं आली नसती मी."

"आले नसते."

"अय्यो, भांडताना पण व्याकरण?"

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. "खोटं सांगताना तुझं कन्नड बरं शुद्ध होतं."

तिसऱ्या शनिवारी पाऊण अधिक अर्धा म्हणजे सव्वा, हे वेदवतीनं न लिहिता सांगितलं. सरोजिनीबाईंनी नुसतं "पुढचं" म्हटलं.

अपूर्णांक संपले, टक्केवारी संपली, तेव्हा वेदवती बिंदुमाधवांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं, कोलीतही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आता नवा माणूस ठेवलाय, मुलं खूश आहेत. सुम्ने, उगीच, जुनं कशाला उकरून काढता?"

हे सांगायला ती गोकुलमला गेली. सरोजिनीबाईंनी उंबऱ्यातच ऐकलं.

"झालं तुझं समाधान?" त्या म्हणाल्या. "मन हलकं करायला माझ्या दारात येऊ नकोस. गणित येतंय ना तुला? मग जा आता."

दार लागलं. वेदवतीला आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी संतापही आला. रस्त्याला लागेपर्यंत संताप वर आला होता.

डॉक्टर सौम्यांनी तिची उलटसुलट परीक्षा घेतली, मग कपाटाची किल्ली दिली, पुढे तिथंच नोकरीही. ती रोज बसनं वरुणाला जाते. तिच्या हाताखाली आता एक नवी मुलगी आहे, आणि ती वेदवतीला घाबरते.

परवा मराठी मंडळाच्या जेवणावळीत दोघींची पानं शेजारी आली. वाढणाऱ्यानं कौतुकानं विचारलं, "तुम्ही दोघी दवाखाना-कॉलेजवाल्या, ओळखता का एकमेकींना?"

"ओळखते," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं पान उचलून पलीकडच्या पंगतीत नेलं.