अमेरिकेतल्या वर्गातली आमची विहीर

शुक्रवार आमच्याकडे बहरीनमध्ये सुट्टीचा आणि अमेरिकेत कामाचा. या साध्या फरकापायी त्या शुक्रवारी मी दुपारपासून माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलपासून बाल्कनीपर्यंत येरझारा घालत होतो.

"अहो, बसा आता," बायको म्हणाली. "फरशी झिजेल, आणि ती घरमालकाची आहे."

आमची मुलगी अमेरिकेत एका सरकारी शाळेत पाचवीला शिकवते. तिच्या राज्यात कायदा आलाय: वंशावरून किंवा मुलगा-मुलगी यावरून कुठल्याही विद्यार्थ्याला स्वतःबद्दल वाईट वाटेल, असं वर्गात शिकवायचं नाही. हिनं नेमका धडा घेतला तो पूर्वी तिकडे गोऱ्यांचे आणि काळ्यांचे पाण्याचे नळ वेगळे असायचे, त्याचा. नुसता वाचला असता तर निभावलं असतं. हिनं त्यावर चर्चा घेतली. एक विद्यार्थिनी घरी जाऊन रडली, "आपल्या आजोबांनी पण असं केलं का?" पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापिकेनं शुक्रवारी सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, हिला बोलावून घेतलं. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार. हे गणित आखातातल्या माणसाला समजावावं लागत नाही. आम्ही ते उशाशी घेऊनच झोपतो.

आदल्या दिवशी मी तिला फोनवर माझं एकुलतं एक तत्त्वज्ञान ऐकवलं होतं. "मान खाली घाल, गप्प बस, खलास. मी इथे इतकी वर्षं काढली ती काय पाइपलाइनच्या इंजिनिअरिंगच्या जोरावर? तोंड मिटण्याच्या जोरावर."

"बाबा, तुम्हाला पाइप प्रश्न विचारत नाहीत. मला मुलं विचारतात." मग म्हणाली, "आणि मी फक्त त्यांच्याबद्दल नाही बोलले. आय टोल्ड देम अबाउट अवर वेल."

"कसली वेल? जाईची?"

"विहीर, बाबा! गावची."

तर हिनं वर्गाला सांगितलं होतं, की माझ्या गावातही असंच होतं, आणि पाण्याला हात लावू न देणारे लोक आमचेच होते. त्या मुलांना आपण एकटेच वाईट असं वाटू नये म्हणून.

हिला हे कळलं कुठून? ही पोर इथल्या ईसा टाउनच्या शाळेत शिकलेली, कोकणात गेली ती मे महिन्यात आंबे खाण्यापुरती. मी तर हा विषय कधी काढलेला नाही. बायकोकडे बघितलं. ती भेंडी चिरत होती, जरा जास्तच मन लावून.

"तिनं विचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली. "ती झाली तेव्हा तुमच्याकडे पेढे नाही, बर्फी वाटली, ते नाही सांगितलं हे नशीब समजा."

म्हणजे बघा, कायदा केला तिकडच्या मुलांना वाईट वाटू नये म्हणून, आणि वाईट वाटून बसलो मी, बहरीनमध्ये. बापाची काही तरतूद त्या कायद्यात नसावी.

संध्याकाळी बायकोनं मला गाडीत घातलं आणि अरादच्या किल्ल्यापाशी नेऊन सोडलं. "इथे चाला हवं तेवढं." मी चाललो. हातातला फोन दर दोन पावलांनी बघत, समोरून येणाऱ्यांना धडकत, "सॉरी, सॉरी" करत. शेवटी वाजला.

"बाबा, नोकरी आहे."

मी जवळच्या कट्ट्यावर बसकण मारली. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला.

"नळांचा धडा पुस्तकात आहे तेवढाच वाचायचा. चर्चा बंद."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तुमचं ऐकलं. गप्प बसले."

एरवी माझं कुणी ऐकलं तर मी आठवडाभर फुशारक्या मारतो. त्या वेळी मात्र वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. मग व्हिसा आठवला, आणि ते वाटणं मी गिळून टाकलं.

"पण विहीर चालेल म्हणाल्या मुख्याध्यापिका," मुलगी पुढे म्हणाली. "त्यांचं म्हणणं, ती तुमच्या देशातली आहे, इथे तिच्यामुळे कुणाला वाईट वाटणार नाही."

"म्हणजे त्यांचे नळ बंद आणि आपली विहीर चालू?" बायकोनं विचारलं.

"हो, आई. मुलं विचारतायत आणि मला नीट माहीत नाही. तुलाही ऐकूनच माहीत आहे. बाबांनी बघितलंय. बाबा, सांगा ना."

सांगण्यासारखं काय होतं त्यात? "त्या बायका विहिरीच्या काठावर यायच्या नाहीत," मी म्हणालो. "खाली कळश्या ठेवून उभ्या राहायच्या. आपल्यातलं कुणी पाणी भरायला आलं की वरून ओतायचं. माझी आई ओतायची. हात उंच धरून."

"उंच का?"

"पोहरा कळशीला लागू नये म्हणून."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"थांबायच्या."

"किती वेळ?"

मी कधी उठलो आणि चालायला लागलो, मलाच कळलं नाही. फोन बायकोच्या हातात, ती माझ्या मागे जवळजवळ धावत.

"अहो, पळताय कुठे?" ती म्हणाली. "पोरगी विचारतेय. तिला उत्तर द्या आधी."