जतच्या माळावरची पायलट बोट

आमच्या गावाला नदी नाही, तळं नाही. एक ओढा आहे, त्यातून गाड्या जातात, कारण तो गावच्या रस्त्यापेक्षा बरा आहे. जत तालुक्यातलं गाव, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि पाणी येतं ते टँकरने. अशा गावात बसून मी समुद्रातले नियम पाठ करत होतो, आणि माझ्यापायी सगळं गाव करत होतं.

मी कोकणातल्या एका बंदरात पायलट बोटीवर खलाशी होतो. पायलट म्हटलं की आमच्याकडची माणसं आभाळाकडे बघतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मोठं जहाज बंदराशी येतं तेव्हा आत गाळ कुठे आहे, खडक कुठे आहे, हे त्याच्या कप्तानाला ठाऊक नसतं. मग त्या बंदराचा एक जाणता माणूस छोट्या बोटीतून बाहेर जातो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो आणि जहाज आत आणतो. तो पायलट, आणि त्याला नेणारी ती पायलट बोट. मला त्या बोटीचा सारंग व्हायचं होतं, म्हणजे सुकाणू माझ्या हातात. त्यासाठी मुंबईला तोंडी परीक्षा होती. दोनदा दिली, दोनदा आपटलो.

नियम येत नव्हते असं अजिबात नाही. पण समोर पांढऱ्या कपड्यातला कप्तान बसला की माझी दातखीळ बसायची. घरात मी वाघ. कालवणात मीठ कमी पडलं तर शेजारच्या आळीला कळतं. साहेबापुढे मात्र शेळी. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "पायलट बोट ड्युटीवर नसेल तेव्हा कोणते दिवे लावते?" मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. पेपरवेटमध्ये निळं फूल होतं, एवढं मला आजही आठवतं. मग बोटीच्या कचेरीतून निरोप आला की तिसऱ्यांदा नापास झालास तर खलाशाची जागाही जाईल. रजा घेऊन मी घरी आलो.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, जेवताना भाकरीसुद्धा नाही. ताट रिकामं दिसलं की आईने समजून घ्यायचं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही अभ्यासाची बाब न्हाई रं. ही ड्रिलची बाब हाय. तोंडाला भ्या बसलंय. रोज मोठ्यानं बोल, समद्यांसमोर बोल, भ्या जातंय का न्हाई बघ."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्लॅबवर बंदर सुरू झालं.

पहिली गरज निशाणांची. जहाजाला पायलट हवा असला की ते पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचं निशाण चढवतं. त्याचा अर्थ, मला पायलट पाहिजे. पायलट वर आला की ते उतरवून अर्धं पांढरं, अर्धं लाल चढवायचं. आता जतच्या माळावर हे कापड आणायचं कुठून? आईने ट्रंक उघडली. ओटीत आलेले ब्लाऊजपीस आमच्याकडे कुणी शिवत नाही. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जन्मभर फिरत राहतात. त्यातला पिवळा निघाला, निळा निघाला, लाल तर ढिगाने. पांढरं आबांच्या जुन्या धोतराचं. आईने मशीनवर टीप मारली आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे निशाण तयार.

तिसऱ्या दिवशी मावशी आली. वर बघून म्हणाली, "व्हय गं, म्या हौसंनं दिलेला पिवळा पीस फाडून वाळत घातलास?"

आई म्हणाली, "वाळत न्हाई घातला. त्यो पायलट मागतोय."

मावशी चहा न पिता गेली. आठ दिवस बोलली नाही.

मग आबांची नजर टँकरवर गेली. टँकरचा ड्रायव्हर सारखा बदलायचा, आणि नवा आला की हमखास चुकायचा. एकजण थेट धनगरवस्तीत घुसला होता. दुसरा मारुतीच्या पाराला असा अडकला की पार फोडायची पाळी आली होती. आबा म्हणाले, "टँकर म्हंजे जहाज. फटफटी म्हंजे पायलट बोट. तू रोज फाट्यावर जायचं, जहाज घिऊन यायचं, आन् येताना नियम मोठ्यानं म्हणायचं."

लाज वाटली, पण गेलो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पिवळं-निळं निशाण ठेवलं. ड्रायव्हर अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणारा भला माणूस. त्याला हे इतकं आवडलं की निशाण आरशाला बांधल्याशिवाय तो चहासुद्धा घेईना. मी पांढरं-लाल निशाण लावून पुढे, तो मागे. समुद्रात धुकं असलं, नजर पोचत नसली, की पायलट बोट आपली ओळख पटवायला चार छोटे भोंगे देऊ शकते. आमच्याकडे धुकं कुठलं? आबा म्हणाले, "धूळ हाय की!" म्हणून धुळीत चार भोंगे. बायका घागरी घेऊन धावत सुटायच्या आणि ओरडायच्या, "जहाज आलं गं!"

दिव्यांवरून मात्र मी चिडलो. ड्युटीवरच्या पायलट बोटीला वर पांढरा दिवा, खाली लाल. आबा म्हणाले, "मी बांधतो," आणि स्लॅबवर कळकाला दोन बल्ब बांधले. सांजेला बटण दाबलं तर वर लाल, खाली पांढरा! सगळी आळी बघायला जमलेली. मी ओरडलोच, "आबा, अहो, वर लाल खाली पांढरा म्हणजे मासेमारीची होडी! जतच्या माळावर मासे धरताय का? आंधळ्यागत काय बांधलंय हे?"

आळी पोट धरून हसली. आबांनी कळक खाली घेतला. बल्ब मीच बदलले, आणि बदलतानाही तोंड चालूच होतं.

परीक्षेआधी डोळ्यांचा दाखला लागतो. लाल कुठला, हिरवा कुठला, माणसाला ओळखू येतं की नाही, हे डॉक्टरने लिहून द्यायचं. त्यासाठी सांगलीला जायचं होतं. मी म्हटलं, "आबा, चला की, तुमचेही डोळे दाखवून येऊ."

"माझ्या डोळ्यांला काय धाड भरलीया? ह्या डोळ्यांनी बरफात दुश्मन बघितलाय," आबा म्हणाले.

मी जतपर्यंत फटफटीने आणि पुढे एसटीने गेलो, दाखला घेतला, दुपार कलताना परत आलो. बघतो तर फाट्यावर टँकर उभा. आरशाला निशाण बांधलेलं आणि ड्रायव्हर चाकाच्या सावलीत आडवा. मला बघून म्हणाला, "पायलट इल्ला, एंट्री इल्ला." पायलट नाही तर आत येणं नाही म्हणे. सकाळपासून उभा होता बिचारा, नियमाने!

गावात गेलो तर आमच्या दारात रिकाम्या घागरींची ही रांग. आबा खुर्चीत ताठ बसून सांगत होते, "पायलट बोट सांगलीला गेलीया. जहाज भाईरच थांबल." कुणीतरी त्यांना म्हणालं, "आवं, मग तुमीच बसा की टँकरमधी, दावा वाट." आबा म्हणाले, "माझ्याकडं दाखला न्हाई." आणि जागचे हलले नाहीत.

टँकर आत आणला आणि बायकांनी मला घेरलं. सगळ्यांत पुढे शेजारच्या काकू, कमरेवर घागर. "आमी काय तुज्या परीक्षेपायी तान्हेलं मरायचं का रं? लय आलाय नियमवाला! आन् मला सांग, तुजी ही फटफटी तंबाखू आणाया जाती तवाबी निशाण लावती का? तवा कसले दिवे?"

माझं डोकं फिरलं. "आवं काकू, तवा ती साधी फटफटी! ड्युटी न्हाई तर मान न्हाई! तिच्या लांबीच्या गाडीला जे दिवे, त्येच तिला!" आणि मग थांबलोच नाही. निशाणं, भोंगे, दिवे, कुणी कुणाला वाट द्यायची, सगळं सांगितलं, हातवारे करून, शिव्या घालून. मागे घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं. दमून थांबलो तेव्हा आबा खुर्चीतून म्हणाले, "झाली परीक्षा. आता नुसतं मुंबईला जाऊन ये."

मुंबईला तोच कप्तान आणि तोच पेपरवेट. आणि प्रश्नही तोच. "ड्युटीवर नसेल तेव्हा कोणते दिवे?"

मी पुन्हा त्या निळ्या फुलाकडे बघायला लागलो. संपलं, गेली जागा, असं वाटलं. मग डोळ्यांपुढे ती घागर आली आणि तोंडातून निघून गेलं, "आवं काकू, तवा ती साधी बोट! तिच्या लांबीच्या बोटीला जे दिवे, त्येच तिला! वर पांढरा खाली लाल लावून मिरवायचं न्हाई, लोक फसत्यात!"

कप्तानाने पेन खाली ठेवलं. "काकू कोण?"

मी सांगितलं. घागर, टँकर, ब्लाऊजपीस, सगळंच सांगितलं. ते हसले की नाही ते मला माहीत नाही, कारण त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. पास केलं एवढं खरं. फोनवर आबांना कळवलं. ते म्हणाले, "बरं. ये आता."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरलो आणि आमच्या स्लॅबकडे बघितलं. टपरीतलं पिवळं-निळं निशाण आणून तिथे चढवलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. घरी गेलो, पाया पडलो, म्हटलं, "आता कशाला ते? परीक्षा झाली."

"वाचता येत न्हाई व्हय? पायलट पायजे."

"कुणाला?"

"मला," आबा म्हणाले. "वरीस झालं. उजव्यानं धुरकट दिसतंय, डाव्यानं त्याहून. टँकरमधी बसलो असतो तर ओढ्यात घातला असता. त्या दिव्यातला लाल कुठला आन् पांढरा कुठला, मला कळलंच न्हाई गड्या."

"मग बोलला का नाही, आबा?"

"तू मला घिऊन दवाखाने करत बसला असतास. तुज्या डोक्यात एकच गोष्ट ऱ्हाऊ दे म्हटलं."

आंधळ्यागत काय बांधलंय, असं मी म्हणालो होतो, सगळ्या आळीसमोर. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी आबांपुढे बसून रडलो, आणि आई तिथेच उभी होती तरी रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात निघालो. जतपर्यंत फटफटी. आईने न सांगता पांढरं-लाल निशाण बांधून ठेवलं होतं. आबा मागे बसले, माझा खांदा धरला.

"भोंगा दे," म्हणाले.

"कशाला? सकाळची वेळ, हवा स्वच्छ आहे."

"तुला स्वच्छ हाय रं. मला न्हाई."

मी चार छोटे भोंगे दिले. फाट्यावर टँकर आत वळत होता. ड्रायव्हरने निशाण बघितलं, मागे बसलेल्या आबांना बघितलं, आणि टँकर कडेला घेऊन आम्हाला वाट दिली.